सायकल चालवा, पण कुठे?

आमच्या सरकारी रुग्णालयात सोमवारी मधुमेहाची ओपीडी असते. दीडशेच्या वर केसपेपर येतात, त्यामुळे एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे. तेवढ्यात साखर बघायची, गोळ्या लिहायच्या, पायाचे तळवे तपासायचे आणि शेवटी ठरलेले वाक्य म्हणायचे, "रोज अर्धा तास चाला, नाहीतर सायकल चालवा." पंचवीसहून अधिक वर्षे मी हे वाक्य म्हणत आलो आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका बाईंनी मला त्या वाक्यावर अडवले. पंचेचाळिशीच्या असतील, अंगणवाडीत मदतनीस. त्या म्हणाल्या, "साहेब, कुठं चालू? घरासमोरून हायवे जातो. कडेला माती, मागून डंपर. आमच्या जावेला तिथंच धक्का लागला होता."

"मग घरातल्या घरात व्यायाम करा," असे काहीतरी मी म्हणालो. बाईंनी मान हलवली. आपले म्हणणे डॉक्टरांना कळले नाही हे कळल्यावर रुग्ण हलवतात तशी. मी पुढचा केसपेपर घेतला. तो प्रश्न मात्र मनात राहिला, आणि त्याचे अर्धेमुर्धे उत्तर मला दोन महिन्यांनी इंग्लंडमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर मिळाले.

रूळ गेले, वाट राहिली

माझा एक वर्गमित्र ब्रिस्टलजवळ एनएचएसमध्ये भूलतज्ज्ञ आहे. अनेक वर्षे त्याचे बोलावणे होते. मे महिन्यात आम्ही दोघे नवरा-बायको गेलो. पहिल्याच शनिवारी त्याने तीन सायकली भाड्याने आणल्या आणि म्हणाला, "आज बाथला जायचं, एकवीस किलोमीटर." माझी पत्नी त्रेपन्न वर्षांची. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि सायकल शेवटची चालवली ती अकरावीत. मी स्वतः छपन्न वर्षांचा, चार वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळीवर. एकवीस किलोमीटर ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले.

त्या दिवशी आम्ही बाथला पोहोचलो. वाटेत दोनदा चहाला थांबून, रमतगमत, तीन तासांत. या वेळात आमच्या मागून एकही मोटार आली नाही, कारण त्या वाटेवर मोटारींना प्रवेशच नाही.

ब्रिस्टल ते बाथ ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. तिथली प्रवासी वाहतूक १९६६ मध्ये थांबली. त्याआधी १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा ब्रिटिश रेल्वेच्या फेररचनेचा अहवाल आला होता. तोट्यातले सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करावीत, अशी त्याची शिफारस होती. खेड्यापाड्यांतून रूळ उखडले गेले, आणि त्या निर्णयाबद्दलची हळहळ तिकडच्या म्हाताऱ्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. पण रूळ गेले तरी भराव, पूल आणि बोगदे जागेवर राहिले. १९७७ मध्ये ब्रिस्टलमधल्या काही सायकलप्रेमींनी 'सायकलबॅग' नावाचा गट काढला. जॉन ग्रिमशॉ हे अभियंते त्यातले प्रमुख. या गटाने आणि स्वयंसेवकांनी १९७९ मध्ये जुन्या मार्गाच्या एका तुकड्यावर वाट तयार करायला सुरुवात केली. १९८६ पर्यंत पूर्ण एकवीस किलोमीटर झाले. याच गटातून पुढे 'सस्ट्रान्स' ही संस्था उभी राहिली.

ही वाट माझ्या पत्नीच्या गुडघ्याला का सोसली, याचे उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. इंजिनाला तीव्र चढ चढवत नाही. म्हणून रेल्वेचे अभियंते टेकडी आली की ती कापत, खोलगट भाग आला की भराव घालत आणि वळण आले की ते लांबवर पसरवत. दीडशे वर्षांपूर्वी कोळशाच्या गाडीसाठी घेतलेल्या या कष्टांचा फायदा आज पन्नाशीच्या गुडघ्यांना होतो. चढ इतका हलका की तो दिसत नाही, फक्त पेडल थोडे जड लागते. वाटेत स्टेपल हिलचा बोगदा आहे. आत दिवे आहेत आणि मे महिन्यातही अंगावर काटा येईल असा गारवा आहे. पुढे बिटनला जुन्या स्थानकावर हौशी मंडळी वाफेचे इंजिन अजून चालवतात, आणि काही अंतर आपली सायकल त्या रुळांच्या शेजारून जाते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लगडलेली हॉथॉर्नची झुडपे होती. वाट एव्हन नदी एकदा नव्हे, अनेकदा ओलांडते. शाळकरी मुले, कुत्र्याला फिरवणारे आजोबा, बाळाला सायकलमागच्या छोट्या गाडीत बसवून नेणारी आई, सगळे त्याच वाटेवर.

शरीर काय म्हणते

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने दाखवणारे सुरुवातीचे महत्त्वाचे संशोधनही इंग्लंडमधलेच. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. हे निष्कर्ष १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगले.

सायकलबद्दलचा अलीकडचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक मध्यमवयीन लोकांची सुमारे पाच वर्षांची माहिती त्यात होती. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण, मोटार किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्के कमी आढळले. आकडा मोठा आहे, म्हणून जपून वाचायला हवा. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जो मुळातच ठणठणीत, तोच सायकलवर बसण्याची शक्यता जास्त. संशोधकांनी वय, धूम्रपान, वजन, आहार वगैरेंचा हिशेब धरला होता, तरी असे सगळे घटक पूर्णपणे वजा करता येत नाहीत. सायकलमुळे मृत्यू ४१ टक्क्यांनी टळतो, असे मी कोणत्याही रुग्णाला सांगणार नाही. पण अनेक देशांतले अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवतात, आणि शरीरात काय घडते तेही आपल्याला माहीत आहे. मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही ओढून घेतात. रक्तवाहिन्या सैलावतात. नियमित सवय असेल तर विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब थोडा उतरतो.

त्यासाठी घाम गाळत, धापा टाकत जायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. मध्यम म्हणजे किती? शेजारच्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा. सपाट वाटेवर ताशी बारा ते पंधरा किलोमीटरने सायकल चालवणे बहुतेकांसाठी या मापात बसते. त्या शनिवारी आम्ही तिघे सगळी वाट बोलत होतो. कॉलेजचे मेस, सरांच्या नकला, कोण कुठे आहे, कोण राहिले नाही. आठवड्याच्या व्यायामाचा मोठा वाटा एका दुपारी पदरात पडला आणि व्यायाम केला असे कोणाला वाटलेही नाही.

कालव्याकाठची शांतता

दुसऱ्या दिवशी बाथहून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावापर्यंत केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने गेलो. साधारण पंधरा किलोमीटर. हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. रेल्वे आल्यावर त्याचा धंदा बसला आणि विसाव्या शतकात तो मोडकळीला आला. स्वयंसेवकांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९९० मध्ये तो पुन्हा खुला झाला. काठावरची वाट मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. त्यामुळे तीही सपाट. वाटेत डंडास येथे कालवाच दगडी पुलावरून नदी ओलांडतो. खाली नदी, वर कालवा, त्याच्या काठाने सायकल. पत्नीने तिथे सायकल कठड्याला टेकवली आणि बराच वेळ नुसती बघत उभी राहिली.

तिथे मला जाणवले की गेला तासभर मी मागे वळून पाहिलेले नाही. आपल्या रस्त्यावर सायकलस्वाराचे निम्मे लक्ष कानात असते. मागचा हॉर्न किती जवळ आहे, ट्रक आहे की बस, तो वळेल की सरळ जाईल. अशा वेळी शरीर सावध अवस्थेत राहते. ॲड्रिनॅलिन वाढते, खांदे आखडतात, हँडलवरची मूठ घट्ट होते. वाहतुकीच्या आवाजाकडे आता केवळ त्रास म्हणून पाहिले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या खाली ठेवावा, अशी शिफारस केली. त्यामागे झोपमोडीबरोबर हृदयविकाराशी असलेला संबंधही होता. ही मर्यादा दिवसरात्र आवाजात राहणाऱ्यांसाठी आहे, तासाभराच्या सायकलफेरीसाठी नाही. पण हायवेलगत राहणाऱ्या त्या अंगणवाडीच्या बाईंना ती थेट लागू पडते. त्यांचे दुखणे फक्त चालायला जागा नाही एवढेच नाही. राहतात तिथलाही आवाज त्यांच्या हृदयावर पडतो आहे.

कालव्याकाठी आवाज होते ते वेगळे. पाण्यावर बदकांची कुजबुज, एखाद्या नावेतून रेडिओ, झाडीतून काळ्या कस्तुरासारख्या पक्ष्याची शीळ. समोरून माणसे चालत आली की घंटी एकदा वाजवायची, वेग कमी करायचा, त्यांना आधी जाऊ द्यायचे आणि जाताना आभार मानायचे, हा तिथला रिवाज. त्या वाटेवर चालणाऱ्याचा मान पहिला. मोटारवाल्याने सायकलवाल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याशी वागायचे.

तिसऱ्या दिवसाची गल्ली

इथवर वाचून इंग्लंडचा ग्रामीण भाग म्हणजे सायकलचा स्वर्ग, असे कोणाला वाटले असेल तर तिसऱ्या दिवसाची हकीकत सांगितली पाहिजे.

विल्टशरमधल्या एका खेड्यातले जुने चर्च पाहायला आम्ही कालवा सोडून गावरस्त्याने निघालो. नकाशावर तो सायकलमार्ग म्हणूनच दाखवला होता. रस्ता जेमतेम एका मोटारीच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर वाढलेली कुंपणे, दर शंभर पावलांवर आंधळे वळण. चित्रात पाहावा असा. इंग्लंडमध्ये अशा कित्येक अरुंद रस्त्यांवर कायद्याने ताशी साठ मैल, म्हणजे जवळपास शंभर किलोमीटरची मुभा असते. प्रत्यक्षात तेवढ्या वेगाने कोणी शहाणा जात नाही. पण एक जण वळणावरून बऱ्याच वेगाने आला. त्याने ब्रेक मारला, आम्ही कुंपणात शिरलो आणि तो हात वर करून निघून गेला. कोणाला काही लागले नाही. पत्नीच्या पोटरीला डसणारी नेटल लागून गांध्या आल्या, एवढेच.

ती सायकलवरून उतरली आणि कुंपणाच्या कडेला गवतावर बसली. हात थरथरत होते. म्हणाली, "मी आता चालवणार नाही. तुम्ही दोघं जा." दोन दिवस, पस्तीस-छत्तीस किलोमीटर, गुडघ्याची एकही तक्रार नाही, रात्री गाढ झोप. हे सगळे कमावलेले दोन सेकंदांत गेले. आम्ही सायकली हातात धरून तीन किलोमीटर चालत परतलो. घरी येईपर्यंत ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

तिची भीती अनाठायी नव्हती. ब्रिटनमध्ये रस्त्यावर मरण पावणाऱ्या सायकलस्वारांपैकी निम्म्याहून अधिक जण ग्रामीण रस्त्यांवर मरतात, जरी सायकली जास्त शहरांत चालत असल्या तरी. गावरस्त्यावर मोटारी कमी असतात, पण ज्या असतात त्या वेगात असतात. रहदारी कमी असणे आणि रस्ता सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावरच्या हिरव्या रेषेला हा फरक कळत नाही.

एक गोष्ट मला इथे नोंदवावीशी वाटते. १९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून सस्ट्रान्सला चार कोटींहून अधिक पौंड मिळाले आणि त्यातून राष्ट्रीय सायकल जाळे उभे राहिले. पुढे ते वाढत सोळा हजार मैलांच्या वर गेले. २०१८ मध्ये संस्थेने स्वतःच या जाळ्याची तपासणी करून निकाल जाहीर केला. मोटारविरहित भाग एकूण जाळ्याच्या केवळ एक तृतीयांश निघाला. जवळपास निम्मे जाळे 'खराब' किंवा 'अतिशय खराब' ठरले. मग २०२० मध्ये संस्थेने जवळजवळ पाव भाग जाळ्यातून काढून टाकला किंवा वेगळ्या वर्गात घातला, कारण तो सर्वांसाठी सुरक्षित आहे असे म्हणणे शक्य नव्हते. एवढ्या वर्षांत मी सरकारी कामकाजाचे पुष्कळ अहवाल पाहिले. किलोमीटर वाढवून सांगणारे बरेच होते. आपले किलोमीटर कमी करून सांगणारे मला फारसे आठवत नाहीत.

बारा वर्षांच्या मुलाची कसोटी

त्या तपासणीमागे मोजमाप कोणते होते? बारा वर्षांचे समंजस मूल या वाटेवरून एकटे सुखरूप जाऊ शकेल का? जाऊ शकत असेल तर वाट चांगली. तंदुरुस्त, धाडसी, चपळ तरुणाला धरून रस्ता आखला तर तो फक्त त्याच्याच उपयोगाचा राहतो. बारा वर्षांच्या मुलाला धरून आखला की त्यावर मधुमेही बाई येते, गुडघेदुखीवाली येते, सत्तरीचे आजोबा येतात. वैद्यकीय भाषेत सांगायचे तर व्यायामाचा सर्वांत जास्त फायदा ज्यांना होणार आहे, तेच लोक रहदारीला सर्वांत जास्त घाबरतात. आजारी, स्थूल, वयस्कर, बायका, मुले. तरुण सायकलपटू ट्रकच्या बाजूनेही जातो, आणि त्याला आमच्या ओपीडीची गरज नसते.

ही कसोटी मित्राने मला सांगितली तेव्हा आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, तिसऱ्या दिवशीच्या रात्री. मला माझी मुलगी आठवली. आठवीत असताना तिने सायकल मागितली होती, शाळेत जायला. शाळा तीन किलोमीटर. मी नाही म्हणालो. त्या वेळी मी अपघात विभागाला होतो आणि आदल्याच आठवड्यात तिच्याच वयाचा एक मुलगा सायकलसकट आला होता. त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. मुलीला मी कारण सांगितले नाही, फक्त नाही म्हणालो, आणि रिक्षा लावून दिली. पुढे ती कधी सायकल शिकलीच नाही. आज ती सत्तावीस वर्षांची आहे, दिवसाचे दहा तास संगणकासमोर बसते, आणि व्यायाम कर म्हणून मी तिच्या मागे लागतो.

माझा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. त्या रस्त्यावर मी पुन्हा नाहीच म्हणेन. पण तीन किलोमीटरच्या शाळेसाठी एका बापाला 'मुलीचा जीव की मुलीचे आरोग्य' असे निवडावे लागते, ही गोष्ट त्या बापाच्या स्वभावाची नाही, रस्त्याची आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये हा हिशेब मांडला होता. मोटार सोडून सायकल घेणाऱ्याला व्यायामामुळे मिळणारे आयुष्य सरासरी तीन ते चौदा महिने, आणि अपघातांमुळे जाणारे पाच ते नऊ दिवस. हवेतल्या प्रदूषणाचा तोटा धरला तरी पारडे सायकलकडेच झुकते. पण हा हिशेब तिथल्या रस्त्यांवरचा आहे, जिथे सायकलींसाठी वेगळ्या वाटा केल्या आहेत. रस्ता बदलला की हिशेब बदलतो. म्हणून 'सायकल चालवा' हा सल्ला देताना कोणत्या रस्त्यावर, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला पुरा होत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पत्नी खाली आली, चहा घेतला आणि मित्राला म्हणाली, "जिथं एकही गाडी येणार नाही, अशी जागा असेल तरच." त्याने आम्हाला बाथच्या जुळ्या बोगद्यांकडे नेले. १९६६ मध्ये बंद झालेला हा आणखी एक रेल्वेमार्ग. २०१३ मध्ये त्यावर सायकलवाट खुली झाली. त्यातला कूम डाऊनचा बोगदा एका मैलापेक्षा थोडाच जास्त, १,६७२ मीटर लांब आहे. आतमध्ये एका टप्प्यावर मंद संगीत ऐकू येते. ती पुढे आणि आम्ही मागे. बोगद्याच्या पलीकडे उजेडात बाहेर पडल्यावर ती थांबली नाही, तशीच पुढे गेली. आम्हाला तिला गाठायला बरेच पेडल मारावे लागले.

जाणार असाल तर

मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे इंग्लंडला जाणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. साठीच्या आसपासचे आई-वडील तिकडे दोन-तीन महिने राहतात आणि 'दिवस जात नाही' म्हणतात. त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे.

वाट निवडताना नुसता 'सायकलमार्ग' हा शब्द पाहून जाऊ नका, 'मोटारविरहित' आहे का ते पाहा. जुने रेल्वेमार्ग आणि चांगल्या बांधणीचे कालव्याकाठ सर्वांत सोपे. ब्रिस्टल-बाथखेरीज कॉर्नवॉलमधली कॅमल ट्रेल आणि डर्बीशरमधल्या मॉन्सल व टिसिंग्टन ट्रेल या जुन्या रेल्वेमार्गांवरच्या नावाजलेल्या वाटा आहेत. सायकली बहुधा तिथेच भाड्याने मिळतात. एका बाजूने सायकल आणि परतीला रेल्वे असाही बेत करता येतो, मात्र काही गाड्यांत सायकलसाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. चढाची धास्ती असेल तर विजेवरची सायकल घ्या. तिकडच्या कायद्याने तिची मोटर ताशी सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पुढे मदत करत नाही. पेडल मारावेच लागते, त्यामुळे व्यायामही होतो.

सीटची उंची बहुतेक जण कमी ठेवतात आणि गुडघा दुखला की सायकलला दोष देतात. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवड्याने पेडल मारले की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तो बरोबर. हलका गिअर लावा आणि पाय भरभर फिरवा. जड गिअर लावून जोर देणे गुडघ्याला मारक. हातांना मुंग्या येत असतील तर हँडलवर भार देऊ नका, पकड बदलत राहा.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर निघण्यापूर्वी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. हात थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची खूण. सायकल थांबवा आणि आधी खा. बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, बोलता येते की नाही ही कसोटी वापरा. हृदयविकार झालेला असेल, किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. वाटेत छातीत दुखले, घशाशी दाटले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणू नका, तिथेच उतरा. सायकलमध्ये हाडांवर वजन पडत नाही, म्हणून हाडे ठिसूळ होऊ नयेत यासाठी चालणेही चालू ठेवा.

आणि एक, जे आपल्याला सहसा माहीत नसते. तिकडच्या उंच गवतात आणि झाडीत गोचिड्या असतात आणि काहींमधून लाइम नावाचा आजार होतो. गवतात बसून आल्यावर पाय, काखा, जांघा तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल गोल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा. भारतात परतल्यावर दिसला तर कुठे गेला होता ते आवर्जून सांगा. आमच्या डोक्यात तो आजार पटकन येत नाही.

केसपेपरवरचा एक शब्द

परत आल्यावर जूनच्या दुसऱ्या सोमवारी त्या बाई पुन्हा रांगेत होत्या. साखर तशीच. मी त्यांना इंग्लंडच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, त्यांचा त्यांना काही उपयोग नव्हता. फक्त विचारले, "तुमच्या गावात अशी जागा कुठे आहे, जिथे गाड्या येत नाहीत?" त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "शाळेचं मैदान आहे. पण फाटकाला कुलूप असतं." अंगणवाडी शाळेच्या आवारातच असल्याने किल्लीचे बोलणे त्यांनीच मुख्याध्यापकांशी केले. आता सकाळी सहा ते सात तिथे सात-आठ बायका चालतात. सप्टेंबरमध्ये त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी खाली आली. औषधही मी वाढवले होते, त्यामुळे श्रेय मैदानाला किती आणि गोळीला किती हे मला सांगता येणार नाही.

शाळेचे मैदान म्हणजे रेल्वेमार्ग नव्हे. कुलूप उघडणे हा एका गावापुरता तोडगा आहे. ब्रिस्टलच्या मंडळींनी सात वर्षे खपून एकवीस किलोमीटर केले, तेव्हा त्यांच्या हातात पडीक भराव आणि फावडी होती. पुढे सरकारने आणि लॉटरीने पैसे दिले म्हणून त्याचे जाळे झाले. चालायला आणि सायकल चालवायला मोटारविरहित जागा राखणे हे नगरपालिकेच्या सुशोभीकरणाच्या खात्यातले काम समजले जाते. माझ्या मते ते लसीकरणाइतकेच आरोग्य खात्याचे काम आहे, आणि रस्त्याचा आराखडा मंजूर करणाऱ्या टेबलावर एखादा डॉक्टर बसायला हवा.

तोवर माझ्यापुरता मी एक बदल केला आहे. केसपेपरवर 'व्यायाम' हा शब्द लिहिला की त्याच्यापुढे आता 'कुठे?' असे लिहितो आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचा केसपेपर घेत नाही. रांग थोडी लांबते.